घर वाचवणारा आकडा नोटिशीत लिहा

प्रति,
मुंबईतल्या बँका आणि गृहकर्ज कंपन्यांचे प्राधिकृत अधिकारी यांस

विषय: थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखालच्या पहिल्या नोटिशीबद्दल आणि तिला आलेल्या आक्षेपाच्या उत्तराबद्दल

सप्रेम नमस्कार,

आमच्या सोसायटीच्या दप्तरात तुमच्या सह्यांचे चार कागद आहेत. तुमच्यापैकी एकालाच मी समोरासमोर पाहिलं, तेही तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराला कुलूप लागत असताना. त्या दिवशीच्या पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही आहे. ती केल्यापासून हे पत्र मनात होतं. गेल्या आठवड्यात पाचव्या मजल्यावरच्या घरी तशीच नोटीस आली, तेव्हा लिहायला बसले.

भांडुप पश्चिमेच्या एका सात मजली इमारतीची मी अकरा वर्षं सचिव आहे. त्याआधी बावीस वर्षं एका पतपेढीत खातेवह्या लिहिल्या. हप्ता थकला की व्याज कसं चढतं, वसुलीला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत आला की संचालकांच्या सभेत काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे. ते पैसे ठेवीदारांचे असतात. इथे भांडुपातच मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा दिली. स्वतःच्याच पैशासाठी दारात उभी राहिलेली म्हातारी माणसं आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या बँकेच्या कर्जाचा मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता. म्हणून सांगते, मी कर्जमाफी मागत नाही, सूटही मागत नाही. मागणी एका आकड्याची आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने २०१७ साली एका गृहकर्ज कंपनीकडून बावीस लाखांचं कर्ज काढलं, वीस वर्षांसाठी. नवरा पॅकेजिंगच्या कारखान्यात, बायको घरी शिवणकाम करणारी, एक मुलगी. हप्ता एकोणीस हजारांच्या आसपास. पाच वर्षं एकही हप्ता चुकला नाही. त्यांचं पासबुक मी स्वतः पाहिलं आहे. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. यांचा हप्ता बावीस हजारांवर गेला. हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्यांना कुणी विचारलं नाही. व्याजदर बदलताना कर्जदाराला असा पर्याय द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३मध्ये सांगितलं, पण तोवर यांच्या घरचं गणित बिघडलं होतं. त्यात कारखाना बंद पडला. चार हप्ते थकले.

चार हप्ते म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार. त्यातले पंचवीस हजार त्यांनी दोन वेळा शाखेत जाऊन रोख भरले, पावत्या आहेत. राहिले त्रेसष्ट हजार आणि त्यावरचा दंड. नव्वद दिवस उलटले, खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरलं आणि सरफेसी कायद्याच्या कलम १३(२)ची नोटीस आली. नोटिशीत एकच आकडा होता, अठरा लाख सत्तर हजारांचा. साठ दिवसांत भरा, नाहीतर ताबा घेऊ.

ती नोटीस घेऊन वहिनी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. अठरा लाख कुठून आणायचे, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी त्यांना बसवलं आणि वहीत लिहून दाखवलं, की कंपनी अख्खं कर्ज परत मागते आहे, कारण कायदा तिला तसं मागू देतो. पण रिझर्व्ह बँकेचं १२ नोव्हेंबर २०२१चं परिपत्रक असंही सांगतं, की थकलेलं व्याज आणि थकलेलं मुद्दल पूर्ण भरलं तर एनपीए झालेलं खातं पुन्हा नियमित करता येतं. थकलेलं, सगळं कर्ज नव्हे. त्रेसष्ट हजार अधिक दंड. हे ऐकल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. चिपळूणचे दीर पन्नास हजार द्यायला तयार होते, आणि पाटल्या मोडायची त्यांची स्वतःची तयारी होती. फक्त नेमका आकडा हवा होता. दंड किती, चेक परत गेल्याचे किती, वकिलाच्या नोटिशीचे किती, आणि रोख भरलेले पंचवीस हजार कुठे जमा धरले?

शाखेत गेलो. शाखेने सांगितलं, फाइल वसुली विभागाकडे गेली. वसुली विभागाचा फोन उचलणारा मुलगा म्हणाला, माझ्या स्क्रीनवर पूर्ण रक्कमच दिसते. मग आम्ही कलम १३(३अ)खाली लेखी आक्षेप पाठवला. दोन पानं, पावत्यांच्या झेरॉक्स जोडलेल्या. शेवटी एकच प्रश्न: आज किती रुपये भरले तर हे खातं नियमित होईल?

तेराव्या दिवशी उत्तर आलं. इंग्रजीत, दोन ओळींचं: आपल्या आक्षेपात तथ्य आढळलं नाही, नोटिशीतली रक्कम भरावी. खाली प्राधिकृत अधिकारी म्हणून तुमच्यापैकी एकाची सही. कायद्याने पंधरा दिवस दिलेत, तुम्ही तेरा घेतलेत. मुदत पाळली गेली, पण प्रश्न तसाच राहिला.

हे १३(३अ) कलम कुठून आलं, ते तुमच्या कायदा विभागाला माहीत असणार, वाचकांसाठी सांगते. मूळ २००२च्या कायद्यात ते नव्हतं. ८ एप्रिल २००४ रोजी मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण थकीत कर्जांचे वाद ऐकणाऱ्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाण्याआधी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. कर्जदाराने आक्षेप घेतला तर तो विचारात घ्या आणि अमान्य का करता याची कारणं त्याला कळवा, असंही बजावलं. त्यानंतर संसदेने १३(३अ) घातलं. उत्तराची मुदत आधी एक आठवडा होती, पुढे पंधरा दिवस झाली. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे. तुमचं उत्तर कर्जदाराला पटलं नाही, तरी तेवढ्यावरून त्याला त्या टप्प्यावर न्यायाधिकरणात जाता येत नाही. म्हणजे त्या पंधरा दिवसांत तुमच्यावर कुणी न्यायाधीश नसतो. फाइल तुमच्या टेबलावर असते आणि ती नीट वाचायची की नाही, ते फक्त तुमच्या हातात असतं. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या पंधरा दिवसांबद्दल, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

पुढे काय होतं ते ज्यांच्या घरी घडतं त्यांनाच कळतं. साठ दिवस संपले, ताबा नोटीस आली. कागदावरचाच ताबा, सांकेतिक म्हणतात तो. नोटीस दाराला चिकटवली, ती नेमकी नावाच्या पाटीवर. नंतर कागद सोलून निघाला तेव्हा पाटीवरची अर्धी अक्षरंही निघाली. नियमाप्रमाणे ती दोन वर्तमानपत्रांत छापून आली, त्यातलं एक मराठी. चिपळूणला दिरांनी सकाळच्या चहाबरोबर भावाचं पूर्ण नाव आणि घराचा पत्ता वाचला. ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांनाही त्या दिवशी कळलं. मुलीच्या वर्गातसुद्धा.

मग ताब्याविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे करायचा कलम १७चा अर्ज. कुणीतरी म्हणालं, सरळ हायकोर्टात जा. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१०पासून उच्च न्यायालयांना सांगून ठेवलं आहे की आधी न्यायाधिकरणाचा मार्ग वापरू द्या. दिवाणी न्यायालयाचं दार कलम ३४ने बंद. उरलं कर्जवसुली न्यायाधिकरण, डीआरटी. अर्जाची फीच सात हजारांच्या पुढे गेली. वकिलांनी कमीत कमी घेतो म्हणून जे घेतलं तेही पंचवीस हजार होतं. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, दर तारखेला बुडालेला दिवस. चाळीस हजार संपले तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "ताई, हेच पैसे त्यांनी घेतले असते तर?" मला उत्तर देता आलं नाही. घर वाचवायला जेवढे पैसे लागणार होते, त्यातले बरेचसे, घर वाचवायला जिथे जावं लागलं तिथेच संपले.

न्यायाधिकरणाने असा अर्ज साठ दिवसांत निकाली काढावा, फार तर चार महिन्यांत, असं कलम १७ सांगतं. आमच्या अर्जाच्या पहिल्या दोन तारखांना पीठासीन अधिकारीच नव्हते. दुसऱ्या न्यायाधिकरणाच्या अधिकाऱ्यांकडे जादा कार्यभार होता आणि ते ठरावीक दिवशीच बसत. तिसऱ्या तारखेला बोर्डावर आमचा नंबर एकसष्टावा. बाकावर आमच्याबरोबर बसलेल्या पनवेलच्या एका गृहस्थांच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत जुन्या पासबुकांचा गठ्ठा. ते म्हणाले, माझी सातवी तारीख. या रिकाम्या खुर्च्या भरणं तुमच्या हातात नाही, ते केंद्रीय अर्थ मंत्रालयाचं काम आहे, आणि त्यांना मी वेगळं लिहिणार आहे. पण खुर्ची रिकामी आहे हे तुम्हाला माहीत असतं. माहीत असूनही त्याच दिवसांत तुम्ही ताब्यासाठी मदत मागणारा कलम १४चा अर्ज घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे जाता.

तिथे आमचं कुणी ऐकत नाही. ऐकायचं नसतंच, कर्जदार आणि बँक यांच्यातला वाद तिथे सोडवायचा नाही, कागद पुरे आहेत का ते पाहून ताब्याला मदत करायची, असं सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केलं आहे. आदेश तीस दिवसांत, लांबला तर साठ. एका दाराला चार महिने पुरत नाहीत आणि दुसरं दार महिन्या-दोन महिन्यांत उघडतं. आमच्या स्थगितीच्या अर्जावर सुनावणी व्हायची होती त्याच्या नऊ दिवस आधी दंडाधिकाऱ्यांनी ताब्यासाठी नेमलेले कोर्ट कमिशनर दारात आले.

कमिशनर म्हणून आलेल्या वकीलबाई तरुण होत्या, बोलायला चांगल्या. दोन पोलीस, एक कुलूपवाला, तुमचे अधिकारी आणि त्यांचे दोन सहायक. मला पंच म्हणून बोलावलं. घरातल्या वस्तूंची यादी सुरू झाली: फ्रिज एक, शिलाई मशीन एक, गॅस सिलिंडर दोन, पैकी एक रिकामा. देव्हाऱ्याशी आल्यावर लिहिणारा मुलगा थांबला. आत देवांचे टाक होते, पाच. "हे काय लिहू?" त्याने विचारलं. कुणी काही बोललं नाही. त्याने लिहिलं, "धातूचे छोटे पत्रे, पाच". वहिनींनी ते वाचलं आणि तोवर न रडलेल्या त्या तिथे रडल्या. वकीलबाईंनी लगेच टाक, पूजेची भांडी आणि मुलीची पुस्तकं बाहेर काढून द्यायला सांगितली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. यादी मात्र तशीच राहिली. त्या यादीखाली माझी सही आहे.

कुलूप लावून झाल्यावर जिन्यात मी तुमच्या त्या अधिकाऱ्यांना विचारलं, "थकबाकी किती होती हो यांची?" त्यांनी फोनवर पाहिलं आणि एका मिनिटात सांगितलं. हप्त्यांचा आकडा वेगळा, दंडाचा वेगळा. नऊ महिने आम्ही जे विचारत होतो ते त्यांच्या खिशात होतं. ते वाईट माणूस नव्हते. खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, हे पत्रात द्यायची पद्धत नाही."

हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. पद्धत नसेल तर पाडा. कुठल्या कायद्याने तुम्हाला ते लिहायला मनाई केलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या त्याच परिपत्रकाप्रमाणे खातं थकलं की नाही हे रोज दिवसअखेर संगणकातच ठरतं, म्हणजे थकबाकीचा आकडा रोज रात्री तयारच असतो. पूर्ण कर्जाची रक्कम मागा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याच्याच खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहा, की अमुक तारखेपर्यंत अमुक रुपये भरले तर खातं नियमित होईल, आणि त्यातला हप्ता किती, व्याज किती, दंड किती. दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर आणखी व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने बंदी घातली आहे, तेव्हा तो वेगळा दाखवायला अडचण नसावी. सोबत खात्याचा उतारा जोडा. आणि हे मराठीत लिहा. गृहकर्ज कंपन्यांनी कर्जदाराशी त्याला समजणाऱ्या भाषेत पत्रव्यवहार करावा, असं रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिताच सांगते. कर्ज देतानाची तुमची जाहिरात भांडुप स्टेशनबाहेर मराठीत असते; घर घेताना भाषा बदलू नये.

आक्षेप आला तर त्यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या. पावती जोडली असेल तर ती रक्कम कुठे जमा धरली ते सांगा. धरली नसेल तर का नाही, ते सांगा. आणि न्यायाधिकरणात स्थगितीचा अर्ज दाखल आहे, सुनावणीची तारीख लागली आहे, असं कळलं असेल तर तेवढी तारीख होऊ द्या. अर्ज फेटाळला गेला तर तुमचे नऊ दिवस जातील. दुसऱ्या बाजूचं काय जातं, ते मी त्या यादीत लिहिलेलं पाहिलं आहे.

तुमच्यातले काही म्हणतील, लोक नोटिसाच घेत नाहीत, पाकीट परत येतं. खरं आहे. लाजेपोटी माणसं पोस्टमनला दार उघडत नाहीत. आमच्याच इमारतीत एकाने तीन पाकिटं परत पाठवली आणि बायकोलाही सांगितलं नाही. अशांना मी सभेत हात जोडून सांगते, नोटीस घ्या, तारीख टाका, पहिल्याच आठवड्यात उत्तर लिहा. पण पाकीट उघडल्यावर आत अठरा लाखच दिसणार असतील, तर ते न उघडणाऱ्या माणसाला मी कुठल्या तोंडाने रागवू?

लिलावाचं थोडक्यात. २०१६च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच कर्जदाराला सगळे पैसे भरून घर सोडवता येतं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच पक्कं केलं. तिसऱ्या मजल्याची ती नोटीस अजून निघालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे. ताबा कायद्याप्रमाणे घेतला नाही असं ठरलं तर न्यायाधिकरण घर परत देऊ शकतं, त्या आशेवर कुटुंब ठाण्यापुढच्या दिवा गावात भाड्याच्या खोलीत आहे. शिलाई मशीन कुलपाच्या आत आहे, ते मिळावं म्हणून वेगळा अर्ज केला आहे. मशीन मिळालं तर भाडं निघेल. त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी निदान त्या अर्जाला विरोध करू नये, एवढं मी इथे मागते.

आता पाचवा मजला. नवरा बेस्टमध्ये कंत्राटी चालक होता, कंत्राट संपलं, सहा महिने दुसरं काम नव्हतं. आता लागलं आहे. नोटीस वेगळ्या कंपनीची आहे, मजकूर जवळजवळ तोच, आकडा एकच, चोवीस लाखांच्या वरचा. त्यांनी पाकीट परत पाठवलं नाही, त्याच संध्याकाळी माझ्याकडे आणलं. आक्षेप आम्ही मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत लिहिला. परवा मुलुंडच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवला, ईमेलही केला. प्रश्न या वेळीही एकच आहे, आणि तो सगळ्यात वर लिहिला आहे, दोन पानांच्या शेवटी नाही. भरायचे पैसे त्यांच्या खात्यात जमा आहेत. किती भरायचे ते कळलं की त्याच दिवशी भरतील.

ईमेल पोचल्याचं उत्तर आपोआप आलं. पंधरा दिवसांतला आज दुसरा दिवस. माझा फोन नंबर आक्षेपपत्राच्या खाली दिला आहे, आणि रोज संध्याकाळी सात ते नऊ मी सोसायटीच्या ऑफिसात असते.

आपली,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था
भांडुप (पश्चिम), मुंबई